एकतर गिझर, नाहीतर इस्त्री

गिझर गेला तो मंगळवारी सकाळी सव्वासातला, आणि अगदी मोक्याच्या वेळी. घरातल्या एकुलत्या एका पुरुषाच्या डोक्यावर शांपूचा फेस, डोळे गच्च मिटलेले, हात नळ चाचपतोय, आणि वरून पाणी आधी कोमट, मग गार, मग चहासारखं तांबूस. त्यानंतर टाकीतून टक्कन आवाज आला आणि बुडाकडून बारीक धार लागली. पाच मिनिटांनी तो टॉवेल गुंडाळून, एका कानात फेस तसाच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याची बायको ठकूला केळं भरवत होती. आठ महिन्यांच्या ठकूने बापाकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि तोंडातलं केळं हसत हसत बाहेर सोडलं.

"हसा," तो म्हणाला. "मायलेकी मिळून हसा."

ठकूच्या आईला गल्लीत सगळे सून म्हणत. लग्न होऊन ती आली तेव्हा ‘इस्त्रीवाल्या मावशींची सून’ अशी तिची ओळख झाली; पुढे एवढं लांबलचक बोलायला वेळ कुणाला, म्हणून सून तेवढी उरली. तिला त्याचं वाईट वाटत नसे. सासूबाईंचं प्रस्थच तसं होतं. मागच्या खोलीत त्यांचं इस्त्रीचं टेबल होतं, दोन इस्त्र्या होत्या, आणि सत्तावीस वर्षं अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून सरळ होऊन बाहेर पडत होती.

गिझर आणि इस्त्री यांचं या घरात सवतींसारखं होतं. एक चालू असेल तर दुसरीने तोंड मिटून बसायचं. मीटरपासून आत येणारी जाड वायर एकच. दोघींनी एकदम वीज ओढली की खटका पडायचा आणि घर अंधारात. म्हणून सगळ्यांच्या आंघोळी आठच्या आत उरकायच्या, हा नियम. आठ वाजले की सासूबाई मागच्या खोलीचं दार लावून घेत आणि गिझरचं बटण खाली करत. मग कुणाला आंघोळ राहिली असेल तर त्याने नशिबाला बोल लावावा.

दार लावायचं ते वाफ घरात येऊ नये म्हणून, आणि ठकू आल्यापासून तर अगदी कडी घालून. खिडकी उघडायची सोय नव्हती; पलीकडे सुताराचं अंगण होतं आणि पांढऱ्या शर्टांवर भुसा येऊन बसे. पंखा लावला तर घड्या उडत. तेव्हा त्या खोलीत दुपारपर्यंत भट्टी व्हायची, आणि त्या भट्टीतच तीन आठवड्यांपूर्वी सासूबाईंना घेरी आली होती. टेबलाला धरून त्या खाली बसल्या आणि सून धावत गेली, तर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "इस्त्री उभी कर, चादर जळेल." डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब थोडा इकडेतिकडे सापडला. या वयात इतक्या उकाड्यात उभं राहणं बरं नाही, असं ते म्हणाले.

नवऱ्याने ते वाक्य तेव्हापासून खिशात घालून ठेवलं होतं. मंगळवारी संध्याकाळी त्याने ते बाहेर काढलं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. गिझर नवा घ्यायचाच आहे, तर ठकूच्या कपड्यांना, भांड्यांना, सगळ्यांना पुरेल असा मोठा साधा गिझर घेऊ. जुन्यापेक्षा तो जास्त वीज ओढणार, म्हणजे मागच्या खोलीची लाइन त्यालाच द्यावी लागणार. बरं झालं. आईने आता इस्त्री बंद करावी. डॉक्टरांनीही तेच सांगितलं आहे. त्या खोलीत एक पलंग टाकू, तिला निवांत पडता येईल. सोमवारी नळवाल्याला बोलावतो, एका दिवसात दोन्ही कामं होतील. हे सगळं तो इतक्या मायेने बोलला की त्याला अडवायला कुठे फटच राहिली नाही. आईवर जीव असलेल्या माणसाशी भांडणं फार अवघड असतं.

सासूबाई ‘बरं’ म्हणाल्या आणि मागे गेल्या. थोड्या वेळाने सून ठकूला कडेवर घेऊन डोकावली, तर त्या ठकूच्या लाळेऱ्याला इस्त्री करत होत्या. वीतभर फडकं, त्याला मधोमध अशी धारदार घडी घातली होती की बघणाऱ्याचं बोट कापावं.

"आई, लाळेऱ्याला कुणी इस्त्री करतं का?"

"सवय घालवायची म्हणजे एकदम नको," त्या म्हणाल्या. "लहान लहान कपड्यांवर येते हळूहळू."

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. खोलीत ओल्या कापसाचा, गरम लोखंडाचा वास होता. फळीवर एक बरणी होती, गिऱ्हाइकांच्या खिशांत सापडलेल्या वस्तूंची: बटणं, किल्ल्या, तिकिटं, एक दुधाचा दात, आणि एक चिठ्ठी जी सासूबाईंनी न वाचता ठेवली असं त्या सांगत. कुणाच्या शर्टाची कॉलर स्वच्छ राहू लागली की त्याला बसून करायची नोकरी लागली, हे त्यांना त्याच्या आईच्या आधी कळे. कुणाच्या झग्याची कंबर उसवून सैल केली की त्या गालात हसत आणि चार महिने तोंडातून शब्द काढत नसत. सुनेचं स्वतःचं गुपितसुद्धा त्यांनी असंच ओळखलं होतं. तिने सांगायच्या आधी तिच्या सगळ्या कुर्त्यांची बाजूची शिवण हलकेच उसवून, इस्त्री करून, कपाटात ठेवलेली तिला सापडली होती.

"तो चुकीचं बोलत नाही गं," सासूबाई इस्त्री उभी करत म्हणाल्या. "माझ्यासाठीच बोलतोय. पण सकाळी आठला गठ्ठा आला नाही, तर मी दिवसभर वाट कुणाची बघू?"

ठकूला पाळणाघरात जागा मिळाली होती, दोन महिन्यांनी सून कामावर परत जाणार होती, नवरा तर सकाळी साडेआठला जाई तो सहाला येई. सुनेला एकदम ते घर दिसलं, दुपारी बाराचं. मागच्या खोलीत पलंग, आणि पलंगावर एक बाई, जिला झोप आलेली नाही. तिने ठकूला पुढे केलं. ठकूने आजीच्या नाकावर हात मारला. तेवढ्यापुरतं भागलं.

बुधवारी नळवाले थेंबेकाका जागा बघायला आले. त्यांचं आडनाव थेंबे नव्हतं. त्यांनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक नळातून पुढे आठवडाभर एक थेंब ठिबकत राही, त्यावरून ते पडलं होतं, आणि त्यांनीही ते इतक्या प्रेमाने स्वीकारलं होतं की दुकानाच्या पाटीवर आता तेच होतं. साधा गिझर म्हटल्यावर ते खूश झाले. वर टांगा, नळ जोडा, बटण दाबा. तीस वर्षांत त्यात काही शिकायला लागलं नाही, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"नाहीतर हल्ली ते हीट पंप म्हणून एक निघालंय," टेप गुंडाळत ते म्हणाले. "वीज निम्म्याहून कमी खातं म्हणतात, तुमच्या एका इस्त्रीएवढीसुद्धा नाही. पण किंमत बघा तिप्पट, आकार बघा कपाटाएवढा, आणि पाणी तापवायला घेतंय अर्धा दिवस. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंकडे बसवलंय मी. बाई रोज मला शिव्या घालतात. पाणी कोमट ते कोमट, आणि खोलीत थंडी."

"थंडी?" सुनेने विचारलं.

"आसपासची हवा गार करून सोडतं ना ते. हवेतली ऊब ओढून घेतं आणि पाण्यात घालतं."

नवरा हसला. पाणी तापवायला ठेवायचं आणि आपण कुडकुडत बसायचं, असा हा शोध. सुनेनेही हसल्यासारखं केलं, पण ठकूची टोपी शोधायला ती जी उठली ती चपला घालून मास्तरीणबाईंकडे निघायलाच. ती काम करायची त्या दवाखान्यात लसींचा फ्रिज तिच्या ताब्यात असे. दिवसातून दोनदा त्याचं तापमान वहीत लिहायचं, काटा जरा हलला तरी धावाधाव करायची. सहा वर्षं हे काम केलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: फ्रिज आतून जितका गार, तितकी त्याची पाठ गरम.

मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज झाला नव्हता. हीट पंपाबद्दल विचारताच त्यांनी सुनेला थेट बोळातल्या भिंतीतल्या कपाटाकडे नेलं. थेंबेकाकांनी तो तिथे बसवला होता. दिसायला बरं दिसतं म्हणून. बाईंनी कपाटाचं दार उघडलं आणि आतून अशी गार झुळूक आली की ठकूने डोळे मिटले आणि मग आवडल्यासारखं तोंड उघडलं. आत उंच पांढरी टाकी, डोक्यावर बारीक गुणगुणणारी पेटी. आणि टाकीच्या भोवती, फळ्यांवर, ओळीने लोण्याचा डबा, काकड्या, दोन लिपस्टिक आणि फुलांचा गुच्छ.

"पाणी तापवत नाही, तर निदान काकड्या तरी ठेवाव्यात म्हटलं," बाई म्हणाल्या. "तुझ्या त्या थेंबेला सांग, त्याने मला फ्रिज विकलाय."

सुनेने कपाटाच्या आतल्या बाजूला हात लावला. भिंती गार पडल्या होत्या. दार घट्ट बंद. बिचाऱ्या मशीनने आतली होती नव्हती ती सगळी ऊब पहिल्याच तासात उपसून पाण्यात घातली असणार, आणि मग उपसायला काही उरलंच नव्हतं. याला एखादी खोली हवी. आणि खोलीसुद्धा अशी, की जिथे ऊब संपतच नाही. दिवसभर कुणीतरी ती नव्याने तयार करतंय, दार लावून, खिडकी बंद करून, आठपासून दोनपर्यंत.

ती मास्तरीणबाईंना कपाटाचं दार उघडं ठेवायला सांगून घरी आली ती जवळजवळ पळतच. ठकूला ते पळणं फार आवडलं.

गुरुवारी सकाळी तिने मागच्या खोलीत, शर्टांच्या दांडीवर, एक थर्मामीटर टांगला. सासूबाईंनी विचारलं हे काय, तर म्हणाली, लसी ठेवते. शुक्रवारपर्यंत स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तिच्या दवाखान्याच्या वळणदार अक्षरात दोन दिवसांचे आकडे झाले होते. सकाळी आठला सव्वीस. दहाला तेहतीस. बाराला अडतीस. शुक्रवारी चादरींचा दिवस होता, बाराला चाळीस.

संध्याकाळी ठकू झोपल्यावर तिने तो कागद नवऱ्यासमोर ठेवला आणि तिचं म्हणणं सांगितलं. हा हीट पंप आईंच्या खोलीत बसवायचा. इस्त्रीची गरमी तो ओढून घेईल, तिने पाणी तापेल, खोली गार होईल. वीज कमी ओढतो, तेव्हा इस्त्री आणि तो एकदम चालतील, खटका पडणार नाही, लाइन तोडायला नको. आठच्या आत आंघोळीची घाई नको.

नवऱ्याने कागद दोनदा वाचला. तो काही आडमुठा नव्हता, पण हिशेब त्याच्या मनात आधीच पुरा झालेला होता आणि पुरा झालेला हिशेब पुन्हा उसवायला माणूस नाखूश असतो. किंमत तिप्पट, तो म्हणाला. ती म्हणाली, निम्मी वीज वाचेल, चारेक वर्षांत भरून निघेल. आवाज करतो. तुझ्या घोरण्याएवढा नाही. बिघडला तर? गिझर काय अमर होता? मग तो खरं ते बोलला. घेरी आली त्या दिवशी तो घरी नव्हता. फोन आला तेव्हा तो बसमध्ये होता आणि सगळे थांबे मोजत आला होता. त्याला पुन्हा तसा फोन नको होता. डॉक्टरांनी सांगितलंय ना, तो म्हणाला.

"डॉक्टरांनी इस्त्री बंद करा असं नाही सांगितलं," सून म्हणाली. "उकाडा बंद करा असं सांगितलं. तू ऐकलंस तेव्हा मीही होतेच की तिथे."

तो एवढंच म्हणाला, की दुकानवाला महिनाभरात परत घ्यायच्या बोलीवर देत असेल तर बघू. साधा गिझर थेंबेकाकांकडे खोक्यात बांधून ठेवायचा. महिनाभरात एकदा जरी पाणी गार आलं, किंवा आईला त्रास झाला, तर हे परत, ते आत, आणि इस्त्री बंद. मग पुन्हा विषय नाही.

आता राहिल्या सासूबाई. त्यांना वाटलं होतं सून त्यांची बाजू घेऊन मुलाशी भांडेल, नाहीतर मुलाची बाजू घेऊन त्यांना समजावेल. हे तिसरंच काय काढलंय ते त्यांना कळेना. गार हवेने पाणी तापतं, हे त्यांना काही पटलं नाही. शिवाय ते मशीन त्यांच्या टेबलाजवळ उभं राहणार, इस्त्रीवर फुंकर घालणार, कपडे सर्द करणार. सुनेने त्यांचा हात धरून फ्रिजच्या मागे नेला. सासूबाईंनी तिथे तळहात ठेवला, सत्तावीस वर्षं इस्त्रीची धग बोटाने जोखणारा हात, आणि जरा वेळ ठेवून उचलला.

"रेशमाला चालेल एवढी आहे," त्या म्हणाल्या. म्हणजे पटलं.

सोमवारी थेंबेकाकांनी कुरकुरत मशीन बसवलं. जाताना नळातून एक थेंब ठिबकत होताच. साध्या गिझरचं खोकं त्यांनी दुकानात दाराशीच ठेवलं, हाताशी असावं म्हणून.

तो आठवडा मात्र या घराने फार दिवसांत पाहिला नव्हता असा गेला. मंगळवारी बाराला थर्मामीटरवर अठ्ठावीस होते. बुधवारी सासूबाई पाठ ताठ करून बाहेर आल्या आणि केसांना कंगवाही न लावता तशाच जेवायला बसल्या, कारण केस घामाने चिकटलेलेच नव्हते. मशीनच्या मागून एक नळी निघाली होती, तिच्यातून थेंब थेंब पाणी बाटलीत पडे. हे कुठलं पाणी म्हणून त्यांनी विचारलं. सुनेने सांगितलं, हवेतलं; तुम्ही कपड्यांवर मारता, त्याची वाफ होते, ती इथे गार होऊन पडते. सासूबाईंनी बाटली उजेडात धरून बघितली, फडक्यातून गाळली, फवाऱ्याच्या बाटलीत ओतली आणि तेच पाणी पुन्हा एका वकिलाच्या शर्टावर मारलं. गुरुवारपर्यंत त्या येणाऱ्या प्रत्येकाला ती नळी दाखवत होत्या. माझं पाणी मला परत देतं, म्हणत होत्या, नातेवाइकांपेक्षा बरं. आणि नवरा आठ वाजून दहा मिनिटांनी आंघोळीला जाऊ लागला, मुद्दाम, केवळ जाता येतं म्हणून.

मग रविवार आला.

रविवारी इस्त्रीला सुट्टी असे. सकाळी ठकूची आंघोळ झाली, तिचा आठवड्याचा कपड्यांचा ढीग गरम पाण्यात धुऊन झाला, सुनेने केस धुतले, सासूबाईंनी धुतले. नवऱ्याची रविवारची आंघोळ निवांत, अकराला. तो आत गेला, नळ सोडला, आणि न्हाणीघरातून काहीच आवाज येईना. हे वाईट लक्षण होतं. मग तो बाहेर आला, तोच टॉवेल, तसाच फेस.

"कोमटसुद्धा नाही," तो शांतपणे म्हणाला. "उद्या सकाळी थेंबेकाकांना सांगतो, खोकं घेऊन या."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, आणि शब्द दिलेला होता. पाच दिवस तर पाणी कढत येत होतं. सुनेने मागच्या खोलीत जाऊन बघितलं: थर्मामीटरवर सतरा, मशीन धापा टाकल्यासारखं गुणगुणतंय, भिंती गार. ठकू कडेवर चुळबुळत होती, तिची झोपेची वेळ टळून गेली होती. सून तिला थोपटायला आत गेली.

ती गेली आणि सासूबाई उठल्या. कुणाला काही न बोलता त्यांनी पदर खोचला, मागच्या खोलीत गेल्या आणि आतून दार लावून घेतलं. थोड्याच वेळात इस्त्रीचा ओळखीचा धप्प, सरर्र, धप्प असा आवाज सुरू झाला. नवऱ्याने दार वाजवलं. आई, आज सुट्टी आहे, कुणाचे कपडे करतेयस. आतून उत्तर आलं की घरचेच आहेत, तू फेस पुसून बस.

ठकूला थोपटता थोपटता सुनेच्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. दार. आठवडाभर इस्त्री चालू होती म्हणून दार बंद असलं तरी चाललं. आज आत गरमी करणारं कुणी नाही, आणि दार मात्र सवयीने कडी घालून बंद. मास्तरीणबाईंच्या कपाटाला हसून आलेल्या सुनेने घरी येऊन हुबेहूब तसंच कपाट केलं होतं, फक्त मोठं. काकड्या तेवढ्या ठेवायच्या राहिल्या होत्या. दार उघडलं की झालं; घरातली हवा आत जाईल, मशीनला ऊब मिळेल, बाकी काही करायला नको.

ठकूला पाळण्यात ठेवून ती उठली. मागच्या खोलीच्या दारापाशी येऊन दाराला हात लावला आणि थांबली. आत सासूबाई गुणगुणत होत्या. गाणं धड नव्हतं, मशीनच्या सुरात सूर मिळवून चाललं होतं काहीतरी. इस्त्रीचा धप्प बरोबर समेवर पडत होता. सुनेने हात काढून घेतला आणि पाय न वाजवता परत आली.

सव्वा वाजता दार उघडलं. टेबलावर दोन ढीग होते. चादरी, उशांचे अभ्रे, नवऱ्याचे मोजे, भांडी पुसायची फडकी, ठकूचे सगळे लंगोट चौकोनी घड्या घालून, पत्त्यांच्या कॅटसारखे रचलेले. अगदी थेंबेकाका विसरून गेलेली टोपीसुद्धा कडक होऊन बसली होती.

"जा, आंघोळ कर," सासूबाई मुलाला म्हणाल्या.

तो गेला. या वेळी न्हाणीघरातून आवाज आला, पाण्याचा आणि नंतर शिट्टीचा. बाहेर आला तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या. तो खुर्चीवर बसला, कडक मोजे पायात चढवायची खटपट केली आणि आईकडे बघून मान हलवली.

"म्हणजे माझ्या आंघोळीचं पाणी तू तापवतेस?"

"लहानपणापासून," सासूबाई म्हणाल्या. "आताच कळलं का तुला?"

सोमवारी थेंबेकाकांना निरोप गेला, पण खोक्याचा नाही. टोपी घेऊन जा, एवढाच.

पुढच्या रविवारी सून लवकर उठली. आंघोळी सुरू व्हायच्या आत मागचं दार हळूच उघडून ठेवायचं, कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ती तिथे पोचली तर दार उघडंच होतं. बेताचं, हातभर, आणि ते मिटू नये म्हणून खाली अडकवलेली होती नवऱ्याची चप्पल. तिने वळून बघितलं. तो बोळाच्या टोकाला एका पायात चप्पल घालून उभा होता आणि तोंडावर बोट ठेवत होता. मशीनबरोबर आलेलं पुस्तक आपण परवा वाचलं, असं त्याने कुजबुजत सांगितलं. चौथ्याच पानावर लिहिलं होतं. आईला सांगू नकोस, तिला वाटू दे. सुनेने त्याच्याकडे बघितलं आणि तिला तो लग्नात आवडला होता त्यापेक्षा जरा जास्तच आवडला.

दोघं तसेच उभे होते तोवर मागून ठकूला कडेवर घेऊन सासूबाई आल्या. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग चपलेकडे, मग मुलाच्या मोकळ्या पायाकडे.

"चप्पल काढ तिथून, दारात चपला नको," त्या म्हणाल्या. "ती लाकडाची पाचर आणलीय मी सुताराकडून, खिडकीत आहे. ती लाव."

नवरा आणि सून एकमेकांकडे बघत राहिले.

"सुट्टीच्या दिवशी दार उघडं ठेवायचं, एवढं मला पहिल्याच रविवारी कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मास्तरीणबाईंचे कपडे येतात माझ्याकडे. कपाट उघडं ठेवल्यापासून पाणी कसं झकास येतं, ते त्यांनी मला शनिवारीच सांगितलं होतं."

"मग दोन तास आत काय करत होतीस?" नवऱ्याने विचारलं.

"तू खोकं आणायचं म्हणालास ना," त्या म्हणाल्या. "दार उघडलं असतं तर तुला मशीन पटलं असतं. मला माझी इस्त्री पटवायची होती."

त्यांनी ठकूला त्याच्या हातात दिलं आणि पाचर आणायला खिडकीकडे वळल्या. ठकूच्या गळ्यात लाळेरं होतं, मधोमध धारदार घडीचं. नवऱ्याने ते बोटाने चाचपून बघितलं, आईच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाला, "उद्या माझा निळा शर्ट आहे बरं का, आई. बाह्यांना घडी नको."

"आठच्या आत टाक," आतून आवाज आला. "नंतर मी ऐकणार नाही."